‘हवा जाईन कोठून?’ : गच्चीवरच्या नव्या खोलीचा हिशेब

नागपुरात आमचं घर तळमजल्याचं. मुलं मोठी झाली, जागा पुरेना, म्हणून गच्चीवर एक खोली काढली. बारा बाय चौदा, उंची दहा फूट. दक्षिणेला जिना आणि त्याचं दार, पश्चिमेला एकच मोठी खिडकी, कारण त्या बाजूला रस्ता आहे. उत्तर आणि पूर्वेच्या भिंती कोऱ्या ठेवल्या. एकीला पलंग लागणार होता, दुसरीला कपाट. एप्रिल लागला, खिडकीत दणदणीत कूलर बसवला आणि आता स्वर्ग, असं म्हणून आम्ही वर झोपायला गेलो.

रात्री अकरा वाजता चादर ओलसर, अंग चिकट आणि डोक्यावर तापलेला तवा. कूलर मात्र इमानेइतबारे घुरघुरत होता. दोन दिवसांनी मिस्त्री उरलेले पैसे न्यायला आले. वर गेले, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. म्हणाले, “भाऊ, हवा आत तं येऊन राहिली. पण जाईन कोठून?”

खोली वाढवताना आपण विटा, सळई, टाइल्स सगळं मोजतो. हवा मोजत नाही. ती नंतर यंत्र लावून निस्तरू, असं गृहीत धरतो. वास्तविक हा हिशेब फार अवघड नाही. त्रैराशिक येणाऱ्याला तो जमतो. फक्त तो भिंती उभ्या राहण्याआधी करायचा असतो, आणि आम्ही तो नंतर केला.

आधी छत

गच्चीवरच्या खोलीचा खरा शत्रू खिडकीतून येणारी झळ नव्हे, छत. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर असते तेव्हा काळपट पडलेल्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पलीकडे जातो. अनवाणी पायाने वाळवण उचलायला गेलेल्या कुणालाही विचारा. खाली खोलीत ३० अंश हवेत असं समजा. वर ६२ धरले, तर वर-खाली फरक ३२ अंशांचा. सहा इंची सिमेंटचा स्लॅब दर अंश फरकाला दर चौरस मीटरमधून साधारण साडेतीन वॉट उष्णता आत सोडतो. आमच्या खोलीचं छत साडेपंधरा चौरस मीटर. गुणाकार करा: सुमारे पावणेदोन किलोवॉट. दोन रॉडचा हीटर छताला उलटा टांगून चालू ठेवल्यासारखं हे आहे, आणि त्या हीटरला बटण नाही.

शिवाय तो उशिरा पेटतो. सिमेंट जाड असल्यामुळे दुपारी शोषलेली उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला चार-पाच तास घेते. बाहेर सूर्य मावळलेला असतो, रस्त्यावर लोक शतपावली करत असतात आणि आपलं छत तेव्हा कुठे ऐन भरात आलेलं असतं. म्हणून ‘दिवसा बरं वाटतं हो, रात्री कसं काय तापतं?’ हा प्रश्न प्रत्येक वरच्या मजल्यावर ऐकू येतो. अशा खोलीत पंखाही दगा देतो. पंखा हवा थंड करत नाहीच, तो फक्त अंगावरचा घाम वाळवतो. आणि इथे तर छताला चिकटलेली गरम हवा तो खाली लोटतो.

उपाय दोन. स्वस्तातला म्हणजे वरून चुना किंवा चांगला पांढरा रंग. पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी उतरतो, म्हणजे आत येणाऱ्या उष्णतेचा तिसरा हिस्सा तरी गेला. पण आपल्याकडची धूळ आणि वावटळी त्या पांढऱ्याचा वर्षभरात मातकट करतात, त्यामुळे दर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा हात मारावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे स्लॅबवर दोन इंच जाडीचे कडक फोमचे बोर्ड, त्यावर कोबा आणि वॉटरप्रूफिंग. मग तेच छत पावणेदोन किलोवॉटऐवजी जेमतेम तीनशे वॉट आत सोडतं. हे काम बांधकामासोबतच केलेलं बरं. मागाहून करायचं तर झालेलं वॉटरप्रूफिंग फोडा, उतार पुन्हा काढा, आणि पावसाळ्यात ओल आली की रंगारी, प्लंबर आणि मिस्त्री एकमेकांकडे बोट दाखवणार. आम्ही पैसे वाचवले आणि चुन्यावर भागवलं. आता पश्चात्ताप आहे.

छतातल्या फॉल्स सीलिंगबद्दल एक शब्द. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पत्र्यांनी थोडा फरक पडतो, पण उष्णता तोवर स्लॅबमध्ये शिरलेली असते. ऊन डोक्यावर अडवावं, मानेवर नाही.

कूलर: जेवढी आत, तेवढीच बाहेर

माठ जसा गार होतो तसाच कूलर चालतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते. किती गार होईल याची सीमा हवेतल्या कोरडेपणाने ठरते. थर्मामीटरच्या बोंडाला ओली चिंधी गुंडाळून वाऱ्यात धरला की तो जिथे थांबेल, त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ही सीमा २२-२३ अंशांवर येते. नव्या, नीट भिजलेल्या ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेले गवताचे पॅड) त्या वाटेवर ऐंशी टक्के अंतर कापतात, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २७ अंश मिळतात. मागच्या वर्षीच्या, खाऱ्या पाण्याने दगड झालेल्या ताट्या २९-३० वर अडकतात. जुलैमध्ये हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की तीच सीमा २८ वर जाते. मग कूलर दोन-तीन अंशांची गंमत करतो आणि बाकी खोलीला सर्दी देतो. रत्नागिरीत किंवा पणजीत बाराही महिने जवळपास हेच. म्हणून विदर्भातल्या पाहुण्याने कोकणातल्या नातेवाइकाला कूलर भेट देऊ नये.

आता किती हवा हवी? कोरड्या प्रदेशात कूलरने खोलीतली हवा तासाला सुमारे तीस वेळा बदलावी असा ढोबळ नियम आहे. आमची खोली १६८० घनफुटांची, म्हणजे ४८ घनमीटरच्या आतबाहेर. गुणिले तीस: तासाला साधारण १४०० घनमीटर. कूलरच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्यावर मोजलेला. खिडकीत बसवल्यावर तेवढा मिळत नाही. तेव्हा थोडा वरचा घ्यावा.

या १४०० घनमीटरने काय साधतं? एक घनमीटर हवा एका अंशाने तापताना साधारण एक तृतीयांश वॉट-तास उष्णता सोबत नेते. म्हणजे आमचा कूलर दर अंशाला साडेचारशे वॉटच्या आसपास उष्णता वाहून नेणार. छत, भिंती, खिडकी, दोन माणसं मिळून खोलीत सव्वातीन किलोवॉट येत असतील, तर हवा कूलरमधून २७ अंशांवर निघते आणि बाहेर पडेपर्यंत सात अंशांनी तापते. खोली ३४ वर. तेच छतावर बोर्ड आणि खिडकीवर छज्जा असता तर आत येणारी उष्णता दोन किलोवॉटच्या खाली राहिली असती आणि त्याच कूलरने खोली ३१ वर आली असती. म्हणून दुकानात ‘याच्यापेक्षा मोठा दाखवा’ म्हणण्याआधी गच्चीवर जाऊन छत बघावं.

पण हा सगळा हिशेब एका अटीवर चालतो. ती अट मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितली. १४०० घनमीटर आत यायचे तर १४०० घनमीटर बाहेर जायला हवेत. खोली काही फुगा नाही. वाट नसेल तर कूलरचा पंखा आवाज तेवढाच करतो, वीज घेतो, पण हवा पुढे सरकत नाही. आतली तीच हवा ओली होत राहते आणि खोलीतलं लोणचं, पापड, पुस्तकं सगळं दमट होतं. आमच्या चादरीचं तेच झालं होतं.

वाट किती मोठी? हवा सेकंदाला दोन मीटर वेगाने निघावी असं धरलं तर १४०० घनमीटरला दोन चौरस फूट पुरतात. मच्छरांची जाळी लावणार असाल तर तीन धरा. जाळी दिसते पातळ, पण हवेला बरीच अडवते. जागा कूलरच्या समोर, शक्यतो तिरकस कोपऱ्यात आणि उंचावर हवी, म्हणजे गरम हवा आधी निघते आणि गार हवा पलंगावरून जाते. कूलरच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर हवा तिथल्या तिथे गिरकी घेऊन निघून जाते, पलंगापर्यंत पोहोचतच नाही.

आम्ही पूर्वेच्या भिंतीत, छतापासून एक फूट खाली, कपाटाच्या डोक्यावर दोन बाय दीड फुटाचा झरोका फोडला. भिंत फोडताना उडालेली धूळ अजून मधूनमधून सापडते. झरोका झाल्यावर आईने देवापुढची उदबत्ती आणून तिथे धरली. आधी खोलीत धूर सरळ वर जाऊन पसरायचा. आता तो आडवा झाला आणि ओढल्यासारखा बाहेर गेला. हीच चाचणी तुम्हीही करा. धूर घुटमळला तर वाट लहान आहे. दाराच्या फटीतून जोरात शिट्टी वाजत असेल तरी तेच समजा.

कूलर सावलीत असावा हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी तो बसतो तिथेच, जिथे खिडकी असते. आमचा पश्चिमेला गेला, कारण उत्तरेला खिडकीच ठेवली नव्हती. आता त्यावर पत्र्याची झाप आहे. आणि हो, पाणी. एवढा कूलर ऐन उन्हात तासाला दहा-अकरा लिटर पाणी पितो. वर नळ नसेल तर मे महिन्यात बादल्या कोण चढवणार, हे घरात आधी ठरवून घ्यावं.

एसीचं गणित उलटं

कूलरला उघडी खोली लागते, एसीला बंद. दोन्ही एकाच खोलीत लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: झरोक्याला घट्ट बसणारं झाकण हवंच, नाहीतर उन्हाळाभर तुम्ही पूर्वेच्या शेजाऱ्याची गच्ची गार कराल.

‘टन’ हे वजन नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढ्या वेगाला एक टन म्हणतात. बर्फाने खोल्या गार करण्याच्या काळातला हा शब्द. आजच्या मापात साडेतीन किलोवॉट. एसीची खोली कूलरच्या खोलीपेक्षा गार, म्हणून आत शिरणारी उष्णताही जास्त. चुना मातकट झालाय असं धरून आमच्या खोलीची बेरीज अशी आली: छत पावणेदोन किलोवॉट, पश्चिमेची तापलेली भिंत आणि बाकीच्या मिळून दीड, खिडकी अर्धा, माणसं-टीव्ही-फटी मिळून अर्धा. सव्वाचार किलोवॉट, म्हणजे सव्वा टन. बाजारात त्यापुढे दीड टन मिळतो. छतावर बोर्ड घातले असते तर पाऊण टनाच्या आसपास काम भागून एक टनाचा एसी पुरला असता. ‘एवढ्या फुटाला एवढा टन’ हा दुकानातला तक्ता मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटला ठीक आहे. गच्चीवरच्या खोलीला तो लावू नये.

आणखी एक बारकावा, जो विक्रेता सहसा सांगत नाही. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजून त्यावर छापतात. बाहेर ४५ झाले की ती घटते, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला लागते. मग बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात, जिन्याखालच्या कोनाड्यात किंवा तिन्ही बाजूंनी बंद जाळीत ठेवलं की ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. त्याच्यासमोर चार-पाच फूट मोकळी जागा हवी. आणि त्याचं तोंड खालच्या खोलीतल्या कूलरच्या पाठीकडे नको. आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये यावरून बोलणं बंद आहे.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. आतलीच हवा फिरवतो. चार माणसं रात्रभर दार लावून झोपली की सकाळी डोकं जड होतं. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं खिडकी उघडणं किंवा पहाटे एसी बंद करून झरोका उघडणं, एवढ्यानेही भागतं. विद्युत मंत्रालयाच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले एसी सुरू होतानाच २४ अंशांवर लागतात. ते २४ तसेच राहू द्यावेत, पंखा लावावा.

जुन्या खोल्या काय म्हणतात?

नवी खोली जुन्या घराचा वारा बदलते. चांगली बातमी म्हणजे खालच्या खोलीच्या डोक्यावरचं ऊन गेलं. आमची बैठकीची खोली यंदा चांगलीच निवांत झाली. वाईट बातमी जिन्याची. गरम हवा वर चढते. जिन्याला दार नसेल तर खालच्या स्वयंपाकघराची उष्णता आणि फोडणीचा वास दोन्ही नव्या खोलीत मुक्कामाला येतात. आणि वर एसी लावला तर गार हवा जड असल्याने पायऱ्या उतरून खाली जाते. म्हणून वर दार हवं, आणि जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला वेगळा झरोका, म्हणजे घराची गरम हवा खोलीत न शिरता तिथूनच निघून जाईल.

खोली गच्चीवर न काढता अंगणात, जुन्या भिंतीला लागून काढत असाल तर आधी बघा, कुठली जुनी खिडकी तिच्याआड जाते. राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या-उष्ण भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि दमट-उष्ण भागात एक षष्ठांश खिडक्या मागते. नव्या खोलीचं माप सगळे पाहतात. जुनी खोली आंधळी झाली, हे पहिल्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी आल्यावर कळतं.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने घरामागे काचेची खोली वाढवली, आणि चूक तीच झाली. तिकडे एकच मोठी भट्टी आणि एसी असतो, पत्र्याच्या डक्टमधून हवा सगळ्या खोल्यांत जाते आणि दुसऱ्या डक्टने परत येते. कंत्राटदाराने जुन्या डक्टला एक फाटा जोडून नव्या खोलीत जाळी बसवली, काम संपलं. परतीची जाळी दिलीच नाही. दार लावलं की खोलीत दाब भरायचा आणि पुढची हवा यायची थांबायची. बाहेर बर्फ, घरात २१ अंश, या खोलीत स्वेटर. त्यात तापमान बघणारा थर्मोस्टॅट दिवाणखान्यात; त्याला बिचाऱ्याला मागच्या खोलीची खबरच नाही. शिवाय जुन्या यंत्राची हवा ठरलेली असते, दर टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट. नव्या खोलीला दिली की जुन्या बेडरूमची कमी झाली. तिकडे खोलीनिहाय उष्णतेची बेरीज करायची ‘मॅन्युअल जे’ आणि डक्टची मापं काढायची ‘मॅन्युअल डी’ अशी रीतसर पद्धत आहे. ती कुणी वापरली नाही. शेवटी त्याने दाराच्या वर जाळी पाडली आणि त्या खोलीपुरता वेगळा स्प्लिट लावला, जो थंडीत उलटा चालून गरम हवाही देतो. फोनवर मी त्याला मिस्त्रींचं वाक्य सांगितलं. तो बराच वेळ हसला.

आपल्याकडे डिसेंबरात वरची खोली उलट गारठते, कारण तोच स्लॅब रात्री उघड्या आभाळाकडे उष्णता टाकून देतो. छतावरचे बोर्ड तेव्हाही कामाला येतात. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत नेऊ नका, आणि नव्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला सावध व्हायला वेळ देत नाही. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत.

बांधकाम अजून व्हायचं असेल तर मिस्त्रींकडून प्लास्टरआधी एवढं करून घ्या: कूलरची खिडकी उत्तरेला आणि तिच्याखाली पाण्याचा नळ, समोरच्या भिंतीत उंचावर झाकणाचा झरोका, एसीच्या नळ्यांसाठी तीन इंची पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, पाणी निथळायची वाट, आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट. परवानगी आणि जुन्या कॉलमला वरचं वजन पेलतं का, हे अर्थात या सगळ्याच्या आधी.

आमच्या झरोक्याला बाहेरून छज्जा द्यायचा राहिला होता. जूनच्या पहिल्या वळवात पूर्वेकडून सरी आल्या आणि कपाटावरच्या गाद्या भिजल्या. मिस्त्रींना पुन्हा फोन केला आहे.